कायद्याने दिलेले छप्पर

चाकण, भोसरी येथील कारखान्यांच्या आधाराने मराठवाडा-विदर्भातून आलेली हजारो कुटुंबे भाड्याच्या एका खोलीत राहतात. तेथे नवऱ्याचा मार सोसणाऱ्या स्त्रीची समजूत असते की, दाद गावीच मागावयाची आणि खोलीवर आपला हक्क नाही. दोन्ही समजुती चूक आहेत. ऑक्टोबर २००६ पासून अमलात असलेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम २७ तात्पुरत्या वास्तव्याच्या ठिकाणीही अर्ज करू देते. चाकणच्या स्त्रीस राजगुरुनगरचे न्यायालय उघडे आहे. कलम १७ प्रमाणे घर कोणाच्याही नावावर असो, तिला तेथून बेकायदा काढता येत नाही. प्रसंगी दुसऱ्या जागेचे भाडेही नवऱ्याकडून देवविता येते. पहिली सुनावणी सामान्यतः ३ दिवसांत व तेथून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. न्यायालयातील तारखा मोजणाऱ्यास हे वाचून हसू येईल! तथापि कलम २३ खालील अंतरिम हुकुमास निकालाची वाट पाहावी लागत नाही. आणि अर्जास साह्य करणे हा संरक्षण अधिकाऱ्याचा उपकार नसून त्याचे कर्तव्य होय. त्या अधिकाऱ्याचा पत्ता प्रत्येक पोलीस चौकीत व कारखान्याच्या फाटकावर मराठीत आणि हिंदीत ठळकपणे लावावा, अशी आमची जिल्हा प्रशासनाकडे व पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे मागणी आहे.