बांधावरच्या गप्पा : लिंकनची लढाई आणि आपला कापूस



गेल्या आठवड्यात कात्रजच्या थांब्यावर एसटीची वाट पाहत उभा होतो. भोरकडचे एक ओळखीचे शेतकरी भेटले. म्हणाले, "साहेब, टोमॅटोला भाव चढलाय. व्याजाने पैसे उचलून आणखी दोन एकर लावू का?" मला एकदम अब्राहम लिंकन आठवला. तुम्ही म्हणाल, साहेबांचे डोके ठिकाणावर आहे ना? सांगतो.

लिंकन हा शेतकऱ्याचा पोरगा, १८०९ साली लाकडी खोपटात जन्मलेला. १८६१ च्या मार्चमध्ये तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला, तेव्हा गुलामगिरी सोडायला तयार नसलेली दक्षिणेची राज्ये फुटून निघू लागली होती. एप्रिलमध्ये यादवी पेटली. यादवी म्हणजे भाऊबंदकीच, पण तोफा-बंदुकांची. लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. तिथला कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या अडचणीत आल्या आणि मुंबईच्या बाजारात आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. बाकीच्या मालाचे भावही चढले. सावकार आपण होऊन कर्ज देऊ लागला.

इकडे ही तेजी, आणि तिकडे तो माणूस तारघरात बसून लढाईच्या बातम्या वाचत होता. १ जानेवारी १८६३ ला त्याने बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त जाहीर केले. १८७३ मध्ये आपल्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले, ते गुलाममुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पण मला लिंकनचे कौतुक आणखी एका गोष्टीचे. ऐन युद्धात, १८६२ साली, त्याने शेतीखाते काढले, पाच वर्षे राहून जमीन कसेल त्याला १६० एकर देण्याचा कायदा केला (ती जमीन मूळची तिथल्या आदिवासींची, हेही खरे) आणि शेतीची कॉलेजे काढायला राज्यांना सरकारी जमीन दिली. त्याच धर्तीवर १९६० मध्ये पंतनगरला आणि १९६८ मध्ये आपल्या राहुरीला कृषी विद्यापीठ झाले. माझ्यासारख्या बी.एस्सी. ॲग्रीवाल्याची भाकरी तिथलीच म्हणा ना!

एप्रिल १८६५ मध्ये लढाई संपत आली आणि त्याच महिन्यात लिंकनला गोळी घातली गेली. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला. इथले भाव कोसळले, सावकाराचे व्याज मात्र तसेच राहिले. वर सरकारने सारा वाढवला. १२ मे १८७५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांचे रोखे आणि वह्या ओढून काढून जाळल्या.

एवढे त्यांना थांब्यावर उभ्या उभ्या सांगितले. टोमॅटोचे रोप लावल्यापासून तोडा सुरू व्हायला दोन-अडीच महिने; आज भाव बघून लावणारे तुम्ही एकटेच नाही, हेही बोललो. तेवढ्यात गाडी आली. चढता चढता ते म्हणाले, "मग घरच्या पैशात एक एकर?"

"चालेल," मी म्हणालो, "पण तोडा कोणत्या महिन्यात येईल ते आधी वहीत मांडा."