भांडण कीबोर्डशी नको



कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कीबोर्डमुळे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या वादकांच्या पोटावर पाय येईल, हे आपल्याकडे छापलेल्या एका पत्राच्या लेखकाचे म्हणणे पटत नाही. वाद्यातल्याच चिपवर चालणाऱ्या यंत्रसाथीच्या सोयीला इंटरनेट लागत नाही. धानकापणीनंतर गावोगाव रात्रभर रंगणाऱ्या नाटकांना ते बरेच. डाव्या हाताने कॉर्ड धरताच ठेका सुरू होणे तर जुनेच. पण नट संवादात थबकला, ‘वन्स मोअर’ आला, की कुठे थांबायचे हे वादकच जाणतो. उद्या यंत्र तेही शिकेल, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावर बंदी हा उपाय नव्हे. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ साली सैल करावीच लागली. तोवर पेटी घरोघर पोचली होती. म्हणून भांडायचे तर वादकाच्या मानधनासाठी, नाट्यमंडळांशी भांडावे.

— एक वाचक, दिघोरी (जि. भंडारा)