‘जनशत्रू’ ठरवलेला डॉक्टर



लहान गावातला डॉक्टर संकटात सापडतो, अशा रहस्यकादंबऱ्या आपल्यातील अनेकांच्या आवडीच्या आहेत. हेन्रिक इब्सेन यांचे १८८२ साली प्रसिद्ध झालेले ‘जनशत्रू’ हे नॉर्वेजियन नाटक त्याच उत्कंठेने वाचावे असे आहे. फरक इतकाच, की येथे डॉक्टरच्या जिवावर उठणारा कोणी अज्ञात गुन्हेगार नाही. उठते ते सारे गाव.

समुद्रकाठच्या त्या गावाची भरभराट तेथील आरोग्यस्नानगृहांवर अवलंबून आहे. तेथील वैद्यकीय अधिकारी डॉ. स्टॉकमन पाण्याचे नमुने विद्यापीठात तपासून घेतात आणि पाणी दूषित असल्याचे सिद्ध होते. चामडे कमावण्याच्या कारखान्यांची घाण त्यात उतरत असते. गाव आपले आभार मानेल, असे डॉक्टरांना वाटते. पण नगराध्यक्ष असलेला सख्खा भाऊ दुरुस्तीचा खर्च पुढे करतो. तो करदात्यांच्या माथी येणार हे कळताच, कालपर्यंत पाठीशी असलेले वृत्तपत्रही लेख छापण्यास नकार देते. डॉक्टर सभा बोलावतात. तीत त्यांनाच जनशत्रू ठरवले जाते. घराच्या काचा फुटतात, त्यांची आणि शिक्षिका असलेल्या मुलीची नोकरी जाते, घरमालक घर सोडायला सांगतो.

हे वाचताना आंबेडकरी वाचकाला १९३६ साल आठवते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, पण भाषणाचा मसुदा पाहून पाय मागे घेतला. एक स्वल्पविरामही न बदलता बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. तेच ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’.

मात्र या साम्यापाशी थांबता येत नाही. बहुमत चुकू शकते, हे डॉक्टरांचे म्हणणे पटते. पण सभेतील भाषणात ते उत्तम पैदाशीच्या आणि गावठी कुत्र्यांची तुलना माणसांना लावतात. आपल्या नगराध्यक्ष भावालाही ते हलक्यांतच गणतात हे खरे, तरीही बुद्धीचा संबंध पैदाशीशी जोडणारी ती उपमा आपल्या ओळखीची आहे. वंशशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांना बाबासाहेबांनी त्याच न झालेल्या भाषणात उत्तर दिले आहे. सत्यासाठी छळ सोसणारा माणूसही समतेच्या कसोटीवर उणा पडू शकतो, हे या नाटकातून शिकावे.

इंग्रजीतून वाचणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती कदाचित आर्थर मिलर यांचे १९५० चे रूपांतर येईल. त्यांनी पैदाशीचा हा भाग गाळला आहे. म्हणून मूळ नाटकाचा पूर्ण अनुवाद मिळवावा. डॉक्टरांचा मोठेपणा आणि त्यांची मर्यादा, दोन्ही त्यातच दिसतात.

शेवटी डॉक्टर अमेरिकेला जाण्याचा बेत सोडतात. गावातच राहून रस्त्यावरच्या मुलांना शिकवण्याचे ठरवतात, आणि एकटा उभा राहणारा माणूसच सर्वांत बलवान, असे घरच्यांना सांगतात. पहिला निर्णय मोलाचा आहे. दुसऱ्या विधानाबाबत महाडचे तळे वेगळे सांगते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले तेव्हा त्यांच्यामागे हजारोंचा समुदाय होता. सत्य पहिल्यांदा कोणा एकालाच उच्चारावे लागेल. पण ते टिकते संघामुळे.

चौथा अंक आणि ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ शेजारी ठेवून घरातील तरुणांसह वाचावे, ही विनंती.