टेबलावरचे बेलग्रेड

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणे हा आपल्याकडे मुलांचा उद्योग. युरोपात मोठी माणसे टेबलावर किल्ला उभारतात, बोटाएवढे शिशाचे सैनिक रंगवतात, फुटपट्टीने त्यांची चाल मोजतात आणि फासे टाकून जुन्या लढाया पुन्हा लढतात. हा पोरखेळ नव्हे. प्रशियाच्या लष्कराने १८२४ साली राइसविट्झ या अधिकाऱ्याचा असाच एक खेळ शिक्षणासाठी स्वीकारला होता. आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही तो खेळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र एका अटीवर.

उदाहरणादाखल १७१७ सालचा बेलग्रेडचा वेढा घेऊ. सावा आणि डॅन्यूब यांच्या संगमावरचा हा किल्ला तुर्कांकडे होता. ऑस्ट्रियाचा सेनापती प्रिन्स यूजीन याने जूनमध्ये डॅन्यूब ओलांडून त्याला वेढा घातला. पुढे वजीर हलील पाशा मोठी फौज घेऊन किल्ल्याच्या मदतीस आला आणि वेढा घालणाराच वेढला गेला. पुढ्यात किल्ला, पाठीशी वजीर, छावणीत आमांशाची साथ! १६ ऑगस्टच्या पहाटे यूजीनने वजीरावरच चाल केली. दाट धुक्यात तुकड्या वाट चुकल्या, फळीत खिंडार पडले आणि तुर्क त्यात घुसले. धुके विरताच यूजीनला ते दिसले. त्याने दुसरी फळी पुढे घालून खिंडार बुजवले. वजीराचा पराभव झाला, किल्ला शरण आला.

परीक्षेत आपण काय लिहितो? ‘विजयाची कारणे : एक, कुशल नेतृत्व, दोन, शिस्त, तीन, तोफखाना.’ जणू निकाल आधीच ठरला होता! हीच लढाई टेबलावर चार वेळा खेळून पाहा. एखाद्या डावात धुके तासभर उशिरा विरेल आणि त्याच ‘कुशल’ सेनापतीची फौज नदीत ढकलली जाईल. मग पराभवाचीही तितकीच पाठ करण्याजोगी कारणे आपण काढू. नोट्सवर पोसलेल्या बुद्धीला हा धक्का बसणे आवश्यक आहे.

आता अट. टेबलाशी उभा राहणारा खेळाडू घारीसारखा सारे रणांगण पाहतो. यूजीनला शेजारची तुकडी दिसत नव्हती. म्हणून एक पंच हवा. सेनापतीला दिसले असते तेवढेच त्याने खेळाडूला सांगावे. शिवाय दर खेपेस आजाऱ्यांची संख्या फौजेतून वजा करावी. शिशाच्या सैनिकाला आमांश होत नाही. म्हणूनच तो रोग नियमांत आणावा लागतो. एवढे केले नाही, तर उरेल ती केवळ करमणूक.

युद्धाचा खेळ केल्याने युद्धाची गोडी लागेल, अशी भीती काही प्राध्यापक व्यक्त करतील. ती अगदीच निराधार नाही. पण १९१३ साली ‘लिट्ल वॉर्स’ हे अशा खेळाचे पुस्तक लिहिणाऱ्या एच. जी. वेल्स यांनीच त्यात खऱ्या युद्धाचा मूर्खपणा दाखवून दिला आहे. आणि डाव संपल्यावर एक गोष्ट फळ्यावर अवश्य लिहावी : १७१८ च्या तहाने ऑस्ट्रियाला मिळालेले बेलग्रेड १७३९ च्या तहाने पुन्हा तुर्कांकडे गेले. एवढी माणसे मेली ती जेमतेम एकवीस वर्षांच्या ताब्यासाठी!

महागडे सैनिक नकोत. पुठ्ठ्याचे तुकडे, दोन फासे आणि एक मोकळी दुपार पुरे. इतिहास मंडळाने हे मनावर घ्यावे.