हरवलेली नव्हे, तिथे कधीच नसलेली फाइल

सबमिशनला चार दिवस राहिले होते. शॉर्ट फिल्मची टायटल्स ब्लेंडरमध्ये करायची असं आमचं ठरलं होतं. वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी ब्लेंडर २.९३ ची झिप टाकली होती, कारण ज्या ट्युटोरियलवरून सगळे शिकत होते त्यात तीच व्हर्जन होती. माझ्या मैत्रिणीने ती घरच्या लॅपटॉपवर टाकली. लॅपटॉप मोठ्या भावाचा, त्याच्या इंजिनीअरिंगच्या काळातला: थर्ड जनरेशन आय-३, चार जीबी रॅम, विंडोज ७. डबल क्लिक केलं आणि डायलॉग बॉक्स आला. प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही, कारण ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’ अशा लांबलचक नावाची डीएलएल फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर नाही. प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करून बघा.

तिने पुन्हा टाकला. तीन वेळा. मग गुगलवर त्या फाइलचं नाव टाकलं. पहिल्याच पानावर ‘फ्री डीएलएल डाउनलोड’वाल्या चार साइट्स हजर. त्यातली एक फाइल उतरवून तिने सिस्टिम३२ मध्ये टाकली. आता एरर बदलली, नुसता आकडा: ०एक्ससी०००००७बी. दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन रिपेअरिंगच्या दुकानात गेली. दुकानदाराने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “ताई, मशीन जुनं झालंय. यात आता काही चालणार नाही. नवीन बघा.”

नवीन बघा! हे वाक्य किती सहज बोललं जातं राव. ज्या घरात एकच लॅपटॉप दोन भावंडं आलटून पालटून वापरतात, तिथे त्याचा अर्थ काय होतो हे काउंटरच्या पलीकडून दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे ते खरंही नव्हतं. लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. कुठलाही प्रोग्राम सगळं काम स्वतः करत नाही. फाइल उघडणं, स्क्रीनवर चित्र काढणं, गणित करणं यासाठी लागणारा कोड आधीच कोणीतरी लिहून ठेवलेला असतो आणि अनेक प्रोग्राम तो मिळून वापरतात. हॉस्टेलवर प्रत्येक खोलीत कुकर नसतो, मेसमध्ये एकच मोठा असतो, तसं. याला म्हणतात शेअर्ड लायब्ररी. विंडोजवर तिच्या फाइलच्या नावापुढे डीएलएल लागतं, लिनक्सवर एसओ. जागा वाचते, मेमरी वाचते, आणि लायब्ररीत चूक सापडली तर एका ठिकाणी दुरुस्ती केली की सगळ्यांचं काम होतं. अडचण एवढीच, की प्रोग्राम सुरू होताना त्याला हवी ती लायब्ररी, हव्या त्या व्हर्जनची, ठरलेल्या जागी मिळाली नाही तर तो पहिलं पाऊलही टाकत नाही.

म्हणून एररमधलं फाइलचं नाव हीच सगळ्यात कामाची गोष्ट. आपण नेमकं तेच वाचत नाही. डायलॉग बॉक्स आला की आपला हात आधी ‘ओके’वर जातो.

मैत्रिणीच्या केसमध्ये त्या नावातच उत्तर होतं. ब्लेंडरच्या पोटात पायथन असतं. ब्लेंडर २.९३ मध्ये पायथन ३.९ आहे, आणि पायथनने ३.९ पासून विंडोज ७ चा सपोर्ट बंद केला. ते पायथन फाइलचे पाथ हाताळण्यासाठी ज्या सोयी वापरतं, त्या विंडोजमध्ये आल्याच मुळी विंडोज ८ पासून. म्हणजे ती फाइल लॅपटॉपवरून हरवली नव्हती. ती तिथे कधी नव्हतीच. विंडोज ७ वर ती असण्याचं कारणच नाही. मग ‘पुन्हा इन्स्टॉल करून बघा’ हा सल्ला शंभर वेळा पाळला तरी काय होणार? मेसेजचा अर्धा भाग खरा होता, अर्धा दिशाभूल करणारा.

उपाय साधा निघाला. ब्लेंडरच्या अधिकृत साइटवर जुन्या सगळ्या व्हर्जन्स ठेवलेल्या आहेत. २०२० मध्ये आलेली २.८३ ही दीर्घ सपोर्टची व्हर्जन विंडोज ७ वर चालते. ती उतरवली, उघडली, चालली. टायटल्स वेळेत झाली. दुकानदाराच्या हिशेबाने भंगार झालेल्या मशीनवर.

सगळ्याच केसेस अशा नसतात. बऱ्याचदा फाइल खरोखरच राहून गेलेली असते. एररमध्ये व्हीसीरनटाइम१४० किंवा एमएसव्हीसीपी१४० असं नाव दिसलं तर घाबरू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल, २०१५ ते २०२२ वालं, इन्स्टॉल करायचं. ६४ बिटच्या मशीनवर ६४ आणि ३२ बिट दोन्ही टाकायची, कारण प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर त्याला ३२ बिटचीच लायब्ररी लागते. विंडोज ७ वर ‘सीआरटी-रनटाइम’ असं काही नाव आलं तर सर्व्हिस पॅक १ आणि त्यावर केबी२९९९२२६ हा अपडेट हवा. पाच मिनिटांचं काम आहे, नवीन लॅपटॉपचं नाही.

आणि तो ०एक्ससी०००००७बी? बहुतेक वेळा त्याचा अर्थ ३२ आणि ६४ बिटची भेसळ. इथे मायक्रोसॉफ्टने एक गंमत करून ठेवली आहे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइल्स असतात आणि ३२ बिटच्या फाइल्स सिसवाऊ६४ मध्ये. जुन्या प्रोग्रामचं बिनसू नये म्हणून नाव तसंच ठेवलं म्हणे. आपलं डोकं बिनसलं त्याचं काय? अशा ठिकाणी हाताने फाइल कोंबली की जे होतं तेच मैत्रिणीचं झालं. म्हणून डीएलएल वाटणाऱ्या साइट्सपासून लांब राहा. कोणत्या व्हर्जनची, कोणी बदललेली फाइल आहे ते कळायला मार्ग नसतो, आणि आपण ती थेट सिस्टिमच्या काळजात ठेवतो.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. जुन्या मशीनवर लिनक्स टाका असं सांगणाऱ्यांत मीही आहे, पण तिथेही हाच खेळ आहे. ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ अशी ओळ येते आणि पुढे फाइलचं नाव. लिनक्स निदान खोटा सल्ला देत नाही, गप्प बसतं. पायथनमध्ये ओपनसीव्ही वापरणाऱ्या कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना लिबजीएल.एसओ.१ नाही ही तक्रार ओळखीची असेल. उबंटूवर लिबजीएल१ हे पॅकेज टाकलं की ती मिटते. नेमकं काय कमी आहे हे बघायला एलडीडी नावाची कमांड आहे. प्रोग्रामचं नाव दिलं की लागणाऱ्या लायब्ररींची यादी येते आणि नसलेल्यांपुढे ‘नॉट फाउंड’ दिसतं. फक्त अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलवर ती चालवू नका, काही वेळा तिच्यामुळे तो प्रोग्रामच चालू शकतो. सगळ्यात चक्रावणारा प्रकार म्हणजे फाइल डोळ्यांसमोर आहे आणि लिनक्स म्हणतं, अशी फाइलच नाही. अनेकदा तो ३२ बिटचा प्रोग्राम असतो आणि त्याला सुरू करून देणारी ३२ बिटची फाइल सिस्टिममध्ये नसते. तक्रार तिच्याबद्दल असते, आपण बघत बसतो भलतीकडे.

एका एररपुढे मात्र थांबायचं. ‘जीलिबसी’ची अमुक व्हर्जन सापडली नाही. जीलिबसी म्हणजे लिनक्सची पायाभूत लायब्ररी, जवळपास सगळं तिच्यावर उभं असतं. ती हाताने बदलायला गेलात तर फोल्डरमधल्या फाइल्स दाखवणारी साधी कमांडही चालेनाशी होऊ शकते. तिथे दोनच रस्ते आहेत: त्या प्रोग्रामची जुनी व्हर्जन घ्या, नाहीतर अख्खी सिस्टिम नवी करा.

इथपर्यंत आपली जबाबदारी. पुढचं दुसऱ्यांची आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

२०२४ च्या सुरुवातीला व्हीएस कोडच्या १.८६ व्हर्जनने रिमोट सर्व्हरवर जीलिबसी २.२८ हवंच असं केलं. उबंटू १८.०४ मध्ये २.२७ असतं. एका आकड्याचा फरक, आणि रात्रीतून कित्येकांचं सर्व्हरवरचं काम अडलं. ओरड झाली, आणि मायक्रोसॉफ्टने लगेच सुधारित व्हर्जन काढून वर्षभराची मुदत दिली. २०१९ मध्ये उबंटूने ३२ बिटची पॅकेजेस बंद करायचं जाहीर केलं, तेव्हाही गेमिंगवाले आणि वाइन वापरणारे भडकले, आणि निवडक ३२ बिट लायब्ररी ठेवायचं कबूल झालं. म्हणजे आवाज केला की मुदत मिळते. पण तो आवाज डेव्हलपर्सचा आणि गेमर्सचा होता. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट करणारी मुलगी तक्रार कुठे करणार? ती दुकानात जाते.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांची बाजूही आहे, ती नाकारून चालणार नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यावर क्रोमची शेवटची व्हर्जन १०९. सुरक्षेचे अपडेट नसलेल्या सिस्टिमवर बँकेचं काम करू नये, हे मी मैत्रिणीलाही सांगितलं. फुकट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी आयुष्यभर प्रत्येक जुन्या सिस्टिमची काळजी घ्यावी हा हट्टही चुकीचा. पण ‘तुमची विंडोज जुनी आहे, ही व्हर्जन चालणार नाही, ती चालेल’ एवढं एक वाक्य डायलॉग बॉक्समध्ये लिहायला काय जातं?

आणि कॉलेजांनी तर हे करायलाच हवं. असाइनमेंटच्या नोटिशीत फॉन्ट साइज असतो, मार्जिन असतं, स्पायरल बाइंडिंगचा रंगसुद्धा असतो. सॉफ्टवेअरचं नुसतं नाव असतं. कुठली व्हर्जन, कुठल्या विंडोजवर, ३२ बिट चालेल का, याचा पत्ता नाही. ‘लेटेस्ट घ्या’ म्हणणं सोपं आहे, पण लेटेस्ट सॉफ्टवेअरला लेटेस्ट सिस्टिम लागते आणि तिला बऱ्याचदा लेटेस्ट मशीन. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचे साधारण आठव्या जनरेशनपासूनचेच प्रोसेसर त्याच्या यादीत आहेत. आज वर्गात सुरळीत चालणारे कितीतरी लॅपटॉप पुढच्या दोनचार वर्षांत मैत्रिणीच्या लॅपटॉपच्या रांगेत येतील. तेव्हा विभागाने सत्राच्या सुरुवातीलाच लॅबमधल्या सगळ्यात जुन्या मशीनवर चालणारी व्हर्जन ठरवावी, तिची फाइल लॅबच्या सर्व्हरवर ठेवावी आणि मार्क देताना तीच धरावी. याला बजेट लागत नाही, एक दुपार लागते.

आमच्या ग्रुपवर ती जुनी झिप आता काढून टाकली आहे. पिन केलेल्या मेसेजमध्ये लिहिलंय: ब्लेंडर २.८३, अधिकृत साइटवरूनच घ्या, विंडोज ७ ला चालते, एरर आली तर ओके दाबायच्या आधी फोटो काढून इथे टाका. आत्तापर्यंत अकरा फोटो आले आहेत. त्यातले सात व्हीसीरनटाइमचे होते.