पाच डावांवर ठरणारं पहिलं रेटिंग आणि खानदेशातली आपली मुलं

ऑगस्ट २०२५ मध्ये जळगावच्या जैन हिल्सवर ११ वर्षांखालच्या मुलामुलींची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली. त्याआधी काही दिवसच, जुलैच्या अखेरीला, नागपूरची दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली होती. शेजारच्या नाशिकचा विदित गुजराथी तर किती वर्षांपासून जगातल्या बड्या खेळाडूंमध्ये बसतो आहे. साहजिकच जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या आपल्या मोहल्ल्यांमध्येही पट निघाले. शतरंज खेळावं की नाही यावर उलेमांमध्ये जुना मतभेद आहे, तो इथं आमचा विषय नाही. ज्या घरांत मुलं खेळतातच, त्या घरांतून येणारा प्रश्न आमच्यासमोर आहे.

प्रश्न साधारण असा असतो. पोरगा गल्लीत, शाळेत कुणाला ऐकत नाही. मोबाइलवर त्याचा आकडा १७०० दिसतो. मग अब्बा प्रवेश फी भरतात, एस.टी.चं भाडं घालतात, दोन-तीन दिवस कामाला सुट्टी टाकतात आणि त्याला फिडेच्या रेटेड स्पर्धेला नेतात. परत आल्यावर कळतं की रेटिंग आलंच नाही, किंवा आलं ते १४०० च्या जरासं वर. मग घरात चर्चा सुरू होते: पोरात दम नाही, क्लास बंद करा, दहावीचा अभ्यास बघा.

आमचं म्हणणं असं की हा निकाल घाईचा आहे. पहिलं रेटिंग पोराच्या ताकदीबद्दल जेवढं सांगतं, तेवढंच तो कुठल्या गावातून आला, त्याच्यासमोर कोण बसलं आणि त्या वर्षी नियम कुठला होता याबद्दलही सांगतं.

आधी मोबाइलचा आकडा बाजूला ठेवू. लिचेससारख्या ठिकाणी खातं उघडलं की प्रत्येकाला १५०० मिळतात आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह असतं. म्हणजे, "हा अंदाज आहे, आम्हाला अजून खात्री नाही." दोन-चार डावांत तो आकडा शेकड्यांनी वरखाली होतो, खात्री वाढली की प्रश्नचिन्ह जातं. ही पद्धत प्रामाणिक आहे. पण तो आकडा आणि फिडेचा आकडा एका तराजूत तोलता येत नाहीत. दोन्हीकडचे खेळाडू वेगळे, हिशेब वेगळा.

फिडेचा हिशेब अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या नावानं चालतो. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघानं तो १९६० मध्ये घेतला, फिडेनं १९७० मध्ये. कल्पना सोपी आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल, तर वरच्यानं शंभरातले साधारण ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवले तर रेटिंग वाढतं, कमी मिळवले तर घटतं.

ही कल्पना आपल्या वाचकांना परकी वाटू नये. हजार-अकराशे वर्षांपूर्वी बगदादच्या शतरंजच्या उस्तादांनी, अल-अदली आणि अस-सूली यांच्या काळात, खेळाडूंचे पाच दर्जे पाडले होते. सगळ्यात वरचे 'आलिया', त्याखालचे 'मुतकारिब'. आलियासमोर दहा डावांत दोन ते चार जिंकू शकेल तो दुसऱ्या दर्जाचा. खालच्या दर्जाच्या खेळाडूला वरचा एखादं प्यादं किंवा त्याहून मोठं मोहरं सोडून खेळायचा. दहा डावांत किती जिंकशील यावर दर्जा ठरवणं, एलोही मुळात हेच मोजतात. आणि नव्या माणसाची अडचण तिथंही होती. अस-सूली खलीफा अल-मुक्तफी यांच्या दरबारात आले तेव्हा खलीफांची पसंती आधीपासून तिथं असलेल्या अल-मावर्दी यांना होती. डाव पटावर झाला, अस-सूली जिंकले, मग पसंती बदलली. दरबारात एका डावानं काम भागलं. आज नव्या खेळाडूला रेटिंग असलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी किमान पाच डाव लागतात.

हे पाच डाव मिळवणंच किती अवघड, ते धुळ्याच्या पालकांना विचारा. समजा स्पर्धेत २०० खेळाडू आहेत. अनरेटेड मुलं यादीच्या तळाला असतात. पहिल्या फेरीत यादीचा वरचा अर्धा खालच्या अर्ध्याशी खेळतो, म्हणजे शेवटच्या पोरासमोर शंभरावा खेळाडू बसतो. तो मुरलेला असतो, पोरगा हरतो. पुढच्या फेरीत हरलेला हरलेल्याशी खेळतो, समोर दुसरा अनरेटेड येतो. तो डाव जिंकला तरी रेटिंगच्या हिशेबात धरला जात नाही. अशा रीतीनं नऊ फेऱ्या खेळूनही मोजले जाणारे डाव तीन-चारच भरू शकतात. ते वाया जात नाहीत, २६ महिन्यांच्या आत उरलेले पूर्ण केले तर एकत्र मोजतात. पण २६ महिन्यांत दुसरी, तिसरी रेटेड स्पर्धा खेळायला हवी ना! पुण्या-मुंबईच्या मुलाला ती घराजवळ मिळते. धुळ्याच्या मुलाला नाशिक किंवा संभाजीनगर गाठावं लागतं. भुसावळकरांना निदान जंक्शन आहे, धुळ्याला अजूनही चाळीसगावहून येणाऱ्या फाट्याच्या गाडीवर किंवा एस.टी.वर भरवसा. सोबत मुलगी असेल तर घरातला एक माणूस आणि मुक्कामाचा खर्चही धरा. शहादा-शिरपूरकडच्या मुलींची नावं रेटिंगच्या यादीत शोधताना हा खर्च डोळ्यांसमोर असू द्या.

पाच डाव भरले की पहिलं रेटिंग काढतात, आणि मोठा बदल तिथंच झालाय. १ मार्च २०२४ पासून फिडेनं नियम बदलले. हे बदल सुचवले ते जेफ सोनास या आकडेतज्ज्ञांनी. आधी खालची मर्यादा १००० होती, ती १४०० झाली. २००० च्या खाली असलेल्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वर उचललं, २००० पासून जेवढं अंतर होतं त्याच्या ४० टक्के. म्हणजे १५०० चा माणूस १७०० झाला, १८०० चा १८८०. आणि नव्या खेळाडूच्या हिशेबात दोन काल्पनिक डाव जोडायला सुरुवात झाली: जणू तो १८०० च्या दोघांशी खेळला आणि दोन्हींत बरोबरी झाली.

ऐकायला विचित्र वाटतं, न खेळलेले डाव कसले मोजता! पण हिशेब करून बघा. आपला पोरगा पाच रेटेड खेळाडूंशी खेळला, त्यांची सरासरी १५००, आणि त्यानं साडेचार गुण काढले. म्हणजे पोरगा जबरदस्त. जुन्या नियमात निम्म्याच्या वरच्या प्रत्येक अर्ध्या गुणाला फक्त २० मिळत. अडीचच्या वर चार अर्धे गुण, म्हणजे ८०. रेटिंग आलं १५८०. नव्या नियमात दोन काल्पनिक बरोबऱ्या धरून त्याचे सातांत साडेपाच गुण होतात, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी १५८६ होते, आणि तक्त्याप्रमाणे रेटिंग येतं १८१६ च्या आसपास. तेच पाच डाव, तोच पोरगा, फरक २३६ चा. जुना नियम चांगल्या नव्या खेळाडूला वर्षानुवर्षं दाबत होता, हे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आता कमी गुण मिळालेलं पोर घ्या. त्याच पाच जणांशी दीड गुण. जुन्या नियमात १३५१ आले असते, नव्यात १४८४ येतात. एकच गुण मिळाला तर १४२८. आणि फक्त अर्धा गुण मिळाला तर हिशेब १४०० च्या खाली जातो, म्हणजे रेटिंग येत नाही. पहिल्या स्पर्धेत शून्य मिळालं तर ती स्पर्धा हिशेबात धरतच नाहीत. "रेटिंग आलं नाही" याचा अर्थ "पोरगा नापास" असा नाही. पाच डाव भरले नसतील, किंवा १४०० ची पायरी एखाद्या अर्ध्या गुणानं हुकली असेल, आधी तेवढं तपासा.

कमी रेटिंगचा त्रास एकट्या नव्या खेळाडूला होत नाही. समजा ताकद १८१६ ची आणि आकडा १५८० चा असलेला तोच मुलगा १७०० च्या एका मोठ्या खेळाडूला हरवतो. त्या खेळाडूचा गुणक २० असेल तर त्याचे १३ गुण जातात. मुलाचं रेटिंग खरं १८१६ असतं तर सातच गेले असते. छोट्या गावात तेच वीस-पंचवीस जण पुन्हा पुन्हा एकमेकांशी खेळतात. दरवर्षी अशी चार-पाच कमी मोजलेली पोरं आली, की सगळ्यांचे आकडे हळूहळू खाली बसतात. मग बाहेरगावी गेल्यावर इथला १५०० चा माणूस तिथल्या १६५० वाल्याला हरवतो आणि लोक म्हणतात, "खानदेशचं रेटिंग खोटं आहे." कोरोनाच्या काळात हे देशभर झालं. दोन वर्षं पटावरच्या स्पर्धा जवळपास बंद, मुलं घरात मोबाइलवर खेळून कितीतरी पुढे गेली, आकडे मात्र जुनेच राहिले. भारतातल्या कमी रेटिंगच्या मुलांशी खेळायला परदेशातले खेळाडू कचरतात, ही तक्रार तिथूनच वाढली. २०२४ चा उपाय काही अंशी याच दुखण्यावर होता.

तरी आमच्या मते फिडेनं अर्धंच काम केलं. पाच डावांवर काढलेला आकडा आणि पाचशे डावांवर मुरलेला आकडा यादीत सारखाच छापला जातो. नव्या खेळाडूचा गुणक पहिल्या ३० डावांपर्यंत ४० असतो. वय १८ होईपर्यंत आणि रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंतही तो ४० राहतो, म्हणजे मुलांचे आकडे लवकर सुधारतात. पण पंचविशीत पहिल्यांदा रेटेड खेळलेल्या, धुळ्याच्या यंत्रमागावर पाळी करणाऱ्या तरुणाला ३० डावांनंतर २० च मिळतात. त्याचं पहिलं रेटिंग चुकीचं लागलं असेल तर ते सुधारायला त्याला वर्षं लागतील, कारण वर्षाला त्याच्या वाट्याला स्पर्धा येतातच किती? या आकड्यांपुढेही एक प्रश्नचिन्ह छापलं असतं तर काय बिघडलं असतं?

आकड्याशिवायही माणसं मोठी झाली, हे खरं. पंजाबचे मीर सुलतान खान १९२९ मध्ये लंडनला गेले तेव्हा त्यांचं शिक्षण देशी पद्धतीच्या शतरंजवर झालेलं. त्याच वर्षी ते ब्रिटनचे विजेते झाले, पुढे आणखी दोनदा, आणि हेस्टिंग्जला त्यांनी कापाब्लांकांना हरवलं. त्याच घरातल्या मिस फातिमा १९३३ मध्ये ब्रिटनच्या महिला विजेत्या ठरल्या. सुलतान खान यांना मानद ग्रँडमास्टर किताब फिडेनं दिला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, इंतकालानंतर ५८ वर्षांनी. भोपाळचे मोहम्मद रफीक खान सुतारकाम करायचे. १९८० च्या माल्टा ऑलिम्पियाडमध्ये त्यांनी वैयक्तिक रौप्य मिळवलं. त्या काळी पुरुषांच्या यादीत २२०० च्या खाली जागाच नव्हती. पण अशी उदाहरणं दाखवून पालकांना "आकडा सोडा, मेहनत करा" सांगणं आम्हाला पटत नाही. आज स्पर्धेतली जागा आकड्यावर ठरते, "१६०० खालील" अशी बक्षिसं आकड्यावर असतात, प्रायोजकही आधी आकडाच विचारतो. जिल्हा आणि राज्य निवड स्पर्धा मात्र पटावरच्या गुणांवर होतात. रेटिंग नसलेल्या मुलानं तिथून सुरुवात करावी.

आणि पहिली रेटेड स्पर्धा कधी, हेही घरानं ठरवावं. मुलाला पूर्ण वेळाचा डाव बसून खेळता येतो का, चाली लिहिता येतात का, घड्याळाची सवय आहे का, हे आधी बघा. शाळेत एक ट्रॉफी मिळाली म्हणून लगेच पळू नका. जिल्हा संघटनांकडे आमची मागणी एवढीच: जळगावात राष्ट्रीय स्पर्धा भरू शकते, तर धुळे, चोपडा, अमळनेर, शिरपूर यांपैकी एका ठिकाणी वर्षाला दोन छोट्या रेटेड स्पर्धा का नाहीत? हॉल मोठा नको, एखाद्या उर्दू शाळेच्या दोन खोल्याही चालतील. पंच, घड्याळं आणि बाहेरून येणारे दहा-बारा रेटेड खेळाडू मिळाले तर आपल्या पोरांचे पाच डाव घराजवळच भरतील. स्पर्धा संपल्यावर पंचांकडून आपल्या मुलाचे किती डाव मोजले गेले ते विचारून घ्या आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला निघणाऱ्या यादीशी ताडून पाहा. फरक दिसला तर आधी पंचांकडे, मग राज्य संघटनेकडे लेखी कळवा. मुलाच्या हातच्या चालींच्या कागदांची एक प्रत तोवर घरी जपून ठेवा.