कटऑफचा नॉब आणि कानबाईची गाणी

लो-पास फिल्टर म्हणजे काय, हे जळगाव-धुळ्याच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. लग्नसराईत दोन गल्ल्या पलीकडे डीजे लागतो, आपण दारं-खिडक्या लावून घेतो, तरी "धम् धम्" येतच राहतं. गाण्याचे शब्द भिंतीत अडकतात, खर्ज मात्र आरपार! सिंथेसायझरवर हीच भिंत एका नॉबला जोडलेली असते. त्याचं नाव कटऑफ.

बहुतेक जण हा नॉब पूर्ण उघडा ठेवूनच वाजवतात. माझा भाचाही त्यातलाच. गेल्या श्रावणात धुळ्याला मावशीकडे कानबाई बसली. रात्री बायका अहिराणी गाणी म्हणायला लागल्या आणि भाच्याने हौसेने साथ धरली. आवाज एकदम चकाचक, पण गाण्यातला शब्द कळेल तर शपथ.

त्याला म्हटलं, व्हॉल्यूम राहू दे, कटऑफ खाली आण. कारण साधं आहे. च, स, ट अशी व्यंजनं ओळखू येतात ती बरीचशी २००० हर्ट्झच्या वरच्या भागात, आणि उघड्या सिंथचे वरचे स्वरांश तिथेच गर्दी करतात. मूगच्या पद्धतीचा फिल्टर १००० हर्ट्झला लावला, की २००० च्या आसपासचं सगळं सुमारे २४ डेसिबलने खाली जातं. सूर राहतो, गर्दी हटते. चौथ्या गाण्याला मावशी म्हणाली, "आते ऐकू यी राह्यनं, भाऊ!"

फिल्टर खाली आणला की वाद्य मरतं, असं काहींना वाटतं. त्यांनी चरणजित सिंग यांचा १९८२ चा 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' जरूर ऐकावा. मुंबईच्या या वादकाने रोलंड टीबी-३०३ चा बेस रागांच्या साथीला लावला. त्या छोट्या यंत्राची सगळी गंमत कटऑफ आणि रेझोनन्स या दोन नॉबमध्ये आहे. २०१० मध्ये तो अल्बम पुन्हा निघाला आणि जगभर लोक चकित झाले.

माझं म्हणणं एवढंच, की साथीला बसताना नॉब आधी खाली ठेवावा आणि गाणाऱ्याला जागा उरेल इतकाच उघडावा. मावशी ऐंशीच्या पुढची आहे. ही गाणी तिने कधी लिहून ठेवली नाहीत. त्या रात्री मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या पहिल्या तीन गाण्यांत सिंथ छान ऐकू येतो. मावशी नाही.